घरच्या अंतकालीन शुश्रूषेतील हेळसांड : तिची ओळख आणि तिच्यावरील उपाय
(राजूर परिसराच्या संदर्भात)

बरा न होणारा रुग्ण शहरातील रुग्णालयातून घरी आणला जातो तेव्हा त्याच्याबरोबर बहुधा एक कागद, काही गोळ्या आणि 'आता घरी न्या, सेवा करा' एवढे वाक्य येते. या वाक्यातील 'सेवा' या शब्दात काय काय अंतर्भूत आहे, ती कोणी करावयाची, किती काळ, कोणत्या साधनांनी, आणि ती होत नसल्यास ते कोणाच्या लक्षात यावयाचे, याचा उलगडा त्या कागदावर नसतो. प्रस्तुत लेखाचा विषय यांपैकी शेवटच्या प्रश्नाशी निगडित आहे. मृत्यूच्या वाटेवर असलेल्या, घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची हेळसांड होत आहे हे कशावरून ओळखावे, आणि ओळखल्यावर परिचारिकेने, वैद्यकाने वा समाजकार्यकर्त्याने काय करावे, याचा विचार येथे केला आहे. विवेचनासाठी नजरेसमोर ठेवला आहे तो अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील, अकोले तालुक्यातील राजूर हे गाव आणि त्याच्या सभोवतालचा डोंगराळ पट्टा. कारण या विषयावरील बहुतेक ग्रंथ ज्या प्रकारची घरे गृहीत धरून लिहिले गेले, ती घरे येथे नाहीत. ग्रंथांतील लक्षणे येथे जशीच्या तशी लावली तर निरपराध माणसांवर आळ यावयाचा, आणि खरी हेळसांड मात्र नजरेतून निसटावयाची, असा दुहेरी धोका आहे.

अंतकालीन शुश्रूषेचा आधुनिक विचार लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून धरला जातो. आपल्याकडे मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये शांती आवेदना सदन निघाले. भारतातील हे पहिले हॉस्पिस. कोझिकोड येथे १९९३ मध्ये वेदनाशमनाचे काम सुरू झाले, तर पुण्यात वारजे येथे १९९७ मध्ये सिप्ला उपशमन केंद्र. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा. या इतिहासात संस्थांची नावे ठळक दिसतात हे खरे. तथापि बहुसंख्य रुग्णांचा शेवटचा काळ त्या संस्थांत जात नाही, तो घरी जातो. संस्थेत एखाद्या रुग्णाकडे दुर्लक्ष झाले तर जबाबदार कोण हे ठरविता येते. पाळीचा तक्ता असतो, नोंदवही असते. घरात शुश्रूषा करणारी व्यक्ती ही सून, पत्नी, मुलगी अथवा धाकटा भाऊ असते. तिला या कामाचे शिक्षण नाही, वेतन नाही, रजा नाही, आणि पुष्कळदा निवडही नाही.

हेळसांड म्हणजे काय, हे प्रथम निश्चित करावयास हवे. रुग्णाला आवश्यक असलेली, आणि शुश्रूषाकर्त्याला पुरविता येण्यासारखी असलेली गोष्ट वारंवार न पुरविली जाणे, अशी व्याख्या कामापुरती पुरेशी आहे. यातील 'पुरविता येण्यासारखी' हे पद महत्त्वाचे. जी गोष्ट घरात नाहीच, जी कोणी शिकवलीच नाही, जिच्यासाठी अंगात बळच उरले नाही, ती न देणे ही रुग्णाच्या दृष्टीने उणीव असते खरी, पण तिला शुश्रूषाकर्त्याची हेळसांड म्हणता येत नाही. रुग्णाचे दुःख दोन्ही ठिकाणी सारखेच असल्याने तातडीही सारखीच. उपाय मात्र अगदी वेगळा. मारहाण, शिवीगाळ, कोंडून ठेवणे या गोष्टी येथे विचारात घेतलेल्या नाहीत. त्या अत्याचारात मोडतात आणि त्यांची ओळख तुलनेने सोपी असते.

आता लक्षणांकडे वळू. पाठीवर, माकडहाडावर, टाचांवर पडणारी शय्याव्रणे हे हेळसांडीचे पहिले लक्षण म्हणून सर्वत्र सांगितले जाते. ते बऱ्याच अंशी खरे आहे आणि त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण उलट बाजूचे आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत सुमारे बेचाळीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नेमलेल्या तीन वैद्यकांच्या समितीने त्यांना तपासले तेव्हा त्वचा एकंदरीत चांगली असल्याचे आणि शय्याव्रणे किंवा भरून आलेल्या जुन्या व्रणांच्या खुणाही नसल्याचे आढळले. त्याच तपासणीत मनगटे व गुडघे मात्र आखडून गेलेले होते. अभ्यासकाने ही दोन्ही निरीक्षणे एकत्र वाचावीत. परिचारिकांच्या पिढ्यांनी एवढी निष्ठेने सेवा करूनही सांधे आखडलेच. म्हणजे आखडलेला सांधा पाहून लगेच घरच्यांना दोष देणे अशास्त्रीय आहे. उलट, त्वचा दीर्घकाळ शाबूत ठेवता येते हेही त्यातून सिद्ध होते. फरक एवढाच, की तेथे पाळ्या लावून काम करणाऱ्या अनेक प्रशिक्षित स्त्रिया होत्या. घरी एकटी सून असते.

त्यातही अंतकाळचा एक अपवाद लक्षात ठेवला पाहिजे. मृत्यूच्या अगदी जवळच्या दिवसांत त्वचेचा रक्तपुरवठाच मंदावतो आणि उत्तम काळजी घेऊनही माकडहाडाजवळ काही तासांत काळसर जखम उमटू शकते. केनेडी या अमेरिकन परिचारिकेने १९८९ मध्ये अशा व्रणांकडे लक्ष वेधले. सावकाश वाढलेले, मळलेले, खाली पू साठलेले जुने व्रण आणि शेवटच्या दोन दिवसांत अकस्मात उमटलेला व्रण यांचा अर्थ एक नव्हे. व्रण केव्हा दिसला हा प्रश्न म्हणूनच व्रण केवढा आहे या प्रश्नाच्या आधी विचारावा.

कृशतेबाबत असाच घोटाळा होतो. कर्करोगाने ग्रासलेले शरीर अन्न मिळूनही झिजते, आणि शेवटच्या आठवड्यात अन्नावरची वासना उडणे हे मृत्यूच्या प्रक्रियेचेच अंग आहे. अशा वेळी बळेबळे भरविणे धोक्याचे असते, कारण घास श्वासनलिकेत जातो. म्हणून 'हाडे दिसतात' या निरीक्षणाला स्वतंत्र किंमत थोडी. तोंडाच्या आतील बाजू पाहिली तर मात्र पुष्कळ कळते. ओठ फुटलेले, जिभेवर जाड थर, दातांत जुने अन्न असेल, तर पाणी लावलेल्या फडक्याने तोंड पुसण्याचे काम, जे घरातील दहा वर्षांचे पोरही करू शकते, तेदेखील कोणी केलेले नाही हे स्पष्ट होते. तोंडाच्या कर्करोगाच्या उघड्या जखमेत अळ्या दिसल्या की पाहणारा हादरतो आणि घरच्यांकडे रागाने बघतो. परंतु माशीने घातलेली अंडी एका दिवसात फुटू शकतात. काल स्वच्छ असलेल्या जखमेत आज अळ्या निघणे शक्य आहे. जखम झाकण्यास कापड दिले होते काय, मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून जखमेवर भुरभुरावी म्हणजे दुर्गंधी कमी होते हे कोणी सांगितले होते काय, याची चौकशी आधी व्हावी. दुर्गंधी ही क्षुल्लक बाब नव्हे. ती घरच्यांना रुग्णापासून दूर लोटते, आणि पुष्कळ घरांत जी हेळसांड दिसते तिचा आरंभ या वासापाशी झालेला असतो.

गोळ्यांची मोजणी हे माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह आणि सर्वांत कमी वापरले जाणारे साधन आहे. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी एक अशी द्यावयाची, तर दिवसाला सहा आणि पंधरा दिवसांच्या नव्वद. दहाव्या दिवशी घरी गेलेल्या परिचारिकेला तीस गोळ्या शिल्लक दिसावयास हव्यात. सत्तर दिसल्या, आणि रुग्ण कण्हत असला, तर औषध दिले जात नाही हे निश्चित झाले. का दिले जात नाही हे मात्र अजून कळावयाचे आहे. 'नशेचे औषध आहे, सवय लागेल' ही भीती, गोळी पोटात गेल्यावर शौचास न होणे (मॉर्फिनबरोबर सारक औषध न दिल्यास हे हटकून होते), औषध पुन्हा मिळणार नाही म्हणून पुरवून वापरण्याची गरिबाची सवय, आणि अखेर खरी बेपर्वाई, अशी चार निरनिराळी कारणे एकाच आकड्यामागे असू शकतात. याउलट एकही गोळी उरली नसेल तर वेदना वाढल्या म्हणून जास्त दिल्या गेल्या, की गोळ्या दुसरीकडे गेल्या, हे पाहावे लागते. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिन इतके दुर्मिळ करून ठेवले होते, की देण्याजोगे औषधच नसल्याने ते न दिल्याचा प्रश्न उद्भवत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांचा मार्ग मोकळा केला. तरीही औषधाचे ठिकाण दूर असेल आणि ते आणण्यासाठी एका माणसाचा दिवस व एसटीचे भाडे मोडत असेल, तर खंड पडणे स्वाभाविक असते.

राजूरच्या परिस्थितीकडे आता पाहू. राजूर ही या पट्ट्याची बाजारपेठ. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथे आहे, आणि डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी हे गाव दूरवर ओळखले जाते. सभोवती महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्या कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या डोंगरांत विखुरलेल्या आहेत. भंडारदरा-घाटघरकडे पावसाळ्याचे चार महिने पाऊस असा कोसळतो, की वाळत घातलेले कापड वाळत नाही. पाठ्यपुस्तके 'ओलसर, कुबट अंथरूण' हे हेळसांडीचे चिन्ह म्हणून देतात. श्रावणात या भागातील कोणत्या घरात गोधडी कोरडी असते? तेथे पाहावयाचे ते हे, की घरातील त्यातल्या त्यात कोरडी जागा, म्हणजे चुलीजवळची, रुग्णाला दिली आहे की गळक्या पडवीत त्याला टाकले आहे. घरच्यांच्या अंगाखाली जे आहे त्याहून वाईट रुग्णाच्या अंगाखाली आहे काय, ही तुलना कोणत्याही यादीपेक्षा अधिक सांगते. चटई सर्वांचीच असेल तर चटई हा दोष नव्हे.

दुसरी गोष्ट वर्षाच्या चक्राची. आषाढात भाताची आवणी असते. ती चार-आठ दिवसांत उरकली नाही तर वर्षाचे अन्न जाते, म्हणून धडधाकट माणूस घरी राहत नाही. भात निघाल्यावर पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी नारायणगाव-जुन्नरकडील बागायती भागात जातात आणि मागे म्हातारी माणसे व लहान मुले उरतात. या दोन काळांत रुग्ण दिवसभर एकटा असण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. घरभेटीचे वेळापत्रक आखणाऱ्याने दिनदर्शिकेइतकेच या शेतीच्या कालगणनेकडे लक्ष द्यावे. आवणीच्या आठवड्यात दुपारी बारा वाजता दिलेली एक भेट इतर वेळच्या चार भेटींहून जास्त उघड करते. सकाळी आठला गेले की सारे घर जागेवर असते आणि रुग्ण नुकताच पुसून ठेवलेला असतो.

शुश्रूषाकर्त्याच्या भाराचे मापन करण्यासाठी झारिट यांनी १९८० मध्ये तयार केलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या अमेरिकन कुटुंबांसाठी ती बनली. तिच्यातील 'तुम्हाला स्वतःसाठी पुरेसा वेळ मिळतो का' अथवा 'तुमच्या खाजगीपणावर परिणाम झाला आहे का' अशा आशयाचे प्रश्न एका खोलीच्या घरातील स्त्रीला विचारले तर ती प्रश्नकर्त्याकडे नवलाने पाहील. तिच्याकडून माहिती हवी असेल तर 'या महिन्यात किती रोज बुडाले', 'रात्री कितीदा उठावे लागते', 'आजीला उलथवताना दुसरा हात कोणाचा असतो', असे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'कोणाचाच नाही' असे आले, की दर दोन तासांनी कुशी बदलण्याची आपली सूचना कागदावरच राहणार हे जाणावे. विद्यापीठांतील संशोधकांनी या प्रश्नावलीचे केवळ भाषांतर करून आकडे गोळा करण्याची प्रथा सोडून प्रश्नांची नव्याने जुळणी करणे अगत्याचे आहे.

एवढे सर्व म्हटल्यावर, जाणूनबुजून केलेली हेळसांड नसतेच असा समज होऊ नये. ती असते. श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचे अनुदान नियमित उचलले जाते आणि ज्याच्या नावाचे ते आहे त्याच्या ताटात पेजही नाही. सातबाऱ्याच्या कामासाठी अंगठा घेण्यास भाचे-पुतणे जमतात आणि नंतर कोणी फिरकत नाही. घरात एक माणूस सतत रुग्णाच्या वतीने बोलतो आणि परिचारिकेला त्याच्याजवळ एकटे बसू देत नाही. दिलेली साधने, शिकविलेली कृती आणि मदतीचा हात हे तिन्ही मिळूनही पुढच्या भेटीत काहीच बदललेले नसते. यांतील शेवटचे चिन्ह निर्णायक मानावे. अज्ञान आणि थकवा यांतून आलेली उणीव मदत मिळताच कमी होते. मदतीनेही जी हटत नाही ती निराळ्या जातीची असते. निपुत्रिक विधवा, परतलेली बहीण, दुसऱ्या बायकोच्या घरातील सावत्र सासू, यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. कारण त्यांच्या सेवेची जबाबदारी नात्याच्या व्यवस्थेत कोणाकडेच स्पष्ट नसते.

उपायांचा क्रम रुग्णाच्या बाजूने लावावयाचा. पहिल्या भेटीतच वेदना शमवावी, जखम धुवावी, तोंड स्वच्छ करावे. आणि हे सर्व शुश्रूषाकर्त्याच्या देखत, शक्य तर तिच्याच हाताने करावे. चौकशी त्यानंतर. 'असे का केले नाही' या प्रश्नाने तोंड बंद होते. 'तुम्हाला यातले सर्वांत जड काय जाते, वहिनी?' या प्रश्नाने उघडते. रुग्णाशी एकांतात बोलण्यासाठी औषध मोजणे किंवा जखम बांधणे हे निमित्त पुरते. रुग्ण शुद्धीवर असून स्वतःचा निर्णय घेण्यास समर्थ असेल तर पुढे काय करावे हे त्याला विचारल्याशिवाय ठरवू नये. पुष्कळ वृद्ध 'पोराचे नाव खराब करू नका' एवढेच म्हणतात. ही विनंती ऐकून गप्प बसणे योग्य नव्हे, परंतु ती डावलून सरळ चावडी गाठणेही योग्य नव्हे. भेटी वाढविणे, शेजारच्या घराला एक ठराविक काम वाटून देणे, आणि काही दिवसांसाठी ग्रामीण रुग्णालयात दाखल करून घरच्यांना उसंत देणे, असे मधले मार्ग आहेत. उसंतीसाठी दाखल करण्याची कल्पना आपल्या सरकारी रुग्णालयांच्या अंगवळणी पडलेली नाही. खाट 'उपचारा'साठीच असते असे तेथे मानले जाते. हा दृष्टिकोन बदलल्यावाचून थकलेल्या सुनेला आपण उपदेशाखेरीज काही देऊ शकणार नाही.

कायद्याचा आधार मर्यादित आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ हा साठ वर्षांवरील व्यक्तींना आणि कोणत्याही वयाच्या आई-वडिलांना लागू होतो. त्यात चरितार्थाच्या व्याख्येत वैद्यकीय उपचारही येतात आणि दाद उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणाकडे मागता येते. कलम २४ नुसार ज्येष्ठ नागरिकास कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडून जाणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. परंतु घरातच ठेवून दुर्लक्ष करणे या कलमात सहजासहजी बसत नाही, आणि ज्याला जगावयास तीन आठवडे उरले आहेत त्याला न्यायाधिकरणाच्या तारखा पुऱ्या पडणार नाहीत. अशी हेळसांड आढळल्यास वैद्यकाने कळविलेच पाहिजे असे बंधन या अधिनियमात नाही. चाळीस वर्षांच्या कर्करोगग्रस्त स्त्रीला, तिची मुले लहान असतील तर, त्याचा काडीचा उपयोग नाही; तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविषयक कायदा पाहावा लागतो. पगारी शुश्रूषाकर्त्यांसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३५७ आहे. राजूरपेक्षा पुण्या-मुंबईत त्याचे काम अधिक. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक मात्र कोणासही वापरता येतो. मृत्यू जवळ असताना कायद्याची धमकी देऊन उरलेला एकमेव शुश्रूषाकर्ताही गमावणे ही चूक सर्वांत महाग पडते. धमकी देण्यापूर्वी रुग्णाला नेऊन ठेवण्याची दुसरी जागा हाती असलीच पाहिजे.

प्रश्न अखेर पाहणाऱ्या डोळ्यांचा आहे. केरळने २००८ मध्ये धोरण आखून पंचायतींमार्फत घरोघरी जाणाऱ्या परिचारिका आणि शेजारचे स्वयंसेवक यांचे जाळे विणले, आणि महाराष्ट्रानेही २०१२ मध्ये धोरण केले. धोरणाच्या कागदापेक्षा आपल्या जिल्ह्याजवळ अधिक मोलाचा असा स्वतःचा वारसा आहे. जामखेड येथे १९७० मध्ये काम सुरू करणाऱ्या रजनीकांत व मेबल आरोळे यांनी खेड्यांतील, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांतील धोक्याची लक्षणे ओळखण्यास शिकविले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट नोंदली आहे. जन्माच्या वेळी जे डोळे तयार करता आले ते मृत्यूच्या वेळेसाठीही तयार करता येतील. राजूर परिसरात आशा कार्यकर्ती वाडीवर आहे, उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे, आणि २०१८ पासून आरोग्य केंद्रांच्या वाढविलेल्या सेवांत उपशमन-परिचर्येचा समावेश आहे. एक अडचण मात्र विसरता कामा नये: लहान वाडीत आशा ही रुग्णाच्या घरची सोयरीच असते. तिने पाहिलेली गोष्ट बोलून दाखविली तर ती भाऊबंदकी ठरते. म्हणून तिच्याकडून निष्कर्ष मागू नये, केवळ मोजता येण्याजोग्या गोष्टी मागाव्यात: शिल्लक गोळ्या, व्रणाची बोटांत रुंदी, तोंडाची स्थिती, दुपारी घरात कोण होते. त्यांचा अर्थ लावण्याचे दायित्व बाहेरून येणाऱ्या परिचारिकेने घ्यावे.

नोंदवहीतही हाच विवेक पाळावा. 'सून दुर्लक्ष करते' हे वाक्य नोंद नव्हे, निकाल आहे. 'दुपारी एक वाजता रुग्ण एकटा, गोळ्या ३० ऐवजी ७१, टाचेवर दोन बोटांचा व्रण, मागील भेटीत नव्हता, सून आवणीवर, तिला सारक औषध दिले गेले नव्हते' ही नोंद आहे, आणि ती दुसऱ्या कोणी वाचली तरी तिला स्वतःचा निर्णय करता येतो. रुग्ण गेल्यानंतर एक भेट द्यावी. उरलेले मॉर्फिन मोजून परत घ्यावे, ते दिलेल्या संस्थेच्या नोंदीत जमा करावे, आणि जिने शुश्रूषा केली तिची प्रकृती विचारावी. दहाव्याच्या गर्दीत ती कोणी विचारलेली नसते.